प्रशियन अधिकाऱ्याचे शिरस्त्राण

जुन्या जर्मन लष्करी वस्तूंच्या संग्राहकांत अधिकाऱ्याच्या अणकुचीदार शिरस्त्राणाला जो मान आहे, तो पाहून प्रथम नवल वाटते. काळ्या चामड्याचा एक टोप, त्यावर सोनेरी मुलाम्याचा गरुड आणि माथ्यावर भाल्याच्या अणीसारखे टोक, एवढाच हा ऐवज. तोफगोळ्याच्या कपचीपुढे त्याचे काहीच चालत नसे. मात्र कागदपत्र म्हणून पाहू लागले की त्यातून पुष्कळ वाचता येते.

१८४२ साली प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिख विल्हेल्म याने हे शिरस्त्राण सैन्यात आणले. दोनच वर्षांनी हाइने या कवीने आपल्या एका दीर्घकाव्यात त्या टोकावर वीज पडेल अशी थट्टा केली. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य झाले, तरी बव्हेरियाने आपले निराळे शिरस्त्राण १८८६ पर्यंत सोडले नाही, आणि सोडल्यावरही दर्शनी मुद्रेवर गरुड न घेता आपले सिंहच ठेवले. १८९७ पासून दोन्ही बाजूंना रंगीत चकत्या आल्या: उजवीकडे साम्राज्याची काळी-पांढरी-तांबडी, डावीकडे त्या त्या राज्याची. एकाच मस्तकावर दोन निष्ठा!

शिपायाचे शिरस्त्राण सरकारी असे. त्याच्या आत पलटणीचे शिक्के सापडतात. अधिकारी आपले स्वतःच्या पैशाने विकत घेई. म्हणून त्याचे चामडे तलम, अस्तर रेशमी, टोकाच्या बैठकीवरील खिळे ताऱ्याच्या आकाराचे. टोक फिरवून काढावे आणि संचलनाच्या दिवशी तेथे केसांचा तुरा बसवावा, अशीही सोय असे.

काही गरुडांच्या छातीवर एक लहानसा क्रूस आढळतो. संग्राहकाने तेथे अधिक वेळ थांबावे, असे मला वाटते. तो राखीव अधिकाऱ्याचा क्रूस. एरवी वकील, शिक्षक किंवा सरकारी नोकर असलेला हा गृहस्थ. तरुणपणी स्वखर्चाने एक वर्ष लष्करात काढून पुढे राखीव लेफ्टनंट झालेला. या पदाची प्रतिष्ठा विलक्षण होती. लष्करी पोशाखापुढे समाज किती नमत असे, ते १९०६ साली बर्लिनजवळच्या कोपेनिक येथे दिसले. फोख्ट नावाच्या, जोडे शिवणाऱ्या एका माणसाने जुना कॅप्टनचा पोशाख चढविला, वाटेत भेटलेल्या शिपायांना हाताशी धरले, नगराध्यक्षाला अटक केली आणि खजिना ताब्यात घेतला. (त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते, साधी लष्करी टोपी होती, तेवढ्यावरच भागले.)

पण हा क्रूस सर्वांना मिळत नसे. उमेदवाराची निवड अधिकारी आपसांत मत देऊन करीत. प्रशियात १८८५ पासून १९१४ च्या युद्धापर्यंत, धर्मांतर न केलेल्या एकाही ज्यू तरुणाला राखीव अधिकारी होता आले नाही. कायद्यात बंदी कोठेही लिहिलेली नव्हती. मतदानाने ते काम गुपचूप उरकले जाई. कचेरीत उमर घालविणाऱ्या आपल्यासारख्यांना अशा अलिखित नियमांचे बळ निराळे सांगावयास नको. युद्ध सुरू झाले, माणसे कमी पडू लागली, तेव्हा दार उघडले.

त्या युद्धातच शिरस्त्राणही संपले. ब्रिटिश नाकेबंदीने परदेशी चामडे तुटले, मग नमदा आणि पत्रा वापरून पाहिला. १९१५ मध्ये चकचकीत पितळेऐवजी करडा धातू आला, आणि १९१६ पासून पोलादी टोपाने त्याची जागा घेतली. १९१९ साली न्यूयॉर्कमध्ये विजय-कर्जाच्या प्रचारासाठी हस्तगत केलेल्या हजारो शिरस्त्राणांचा मनोरा रचण्यात आला. त्या कर्जाच्या मोहिमेत बक्षिसे म्हणून वाटलेली शिरस्त्राणे अमेरिकन घरांतून बाजारात येत राहिली.

आज बाजारात अधिकाऱ्याच्या नमुन्याला शिपायाच्या नमुन्याहून अधिक किंमत येते, त्यामुळे जोडकाम बोकाळले आहे. एकाचा गरुड, दुसऱ्याचे टोक, तिसऱ्याच्या चकत्या घेऊन ‘पूर्ण’ वस्तू उभी केली जाते. प्रामाणिक हौशी माणूसही हरवलेला भाग बसवून ती सजवितो. माझ्या मते हे एखाद्या जुन्या फाइलीत दुसऱ्या प्रकरणाची पाने शिवण्यासारखे आहे. एक चकती गळालेली, मुलामा उडालेला, पण एकाच माणसाच्या डोक्यावर राहिलेला टोप मला अधिक मोलाचा वाटतो. निदान फाटलेले रेशमी अस्तर तरी बदलू नये. त्यावरच्या घामाच्या डागाखेरीज त्या माणसाचे पुष्कळदा दुसरे काहीच उरलेले नसते.