नाताळची तारीख आणि पेगन मुळांचा वाद

काही ख्रिस्ती सण, विशेषतः २५ डिसेंबरचा नाताळ, हे मुळात पेगन उत्सव होते आणि चर्चने त्यांना ख्रिस्ती रूप दिले, या मतावरून चालत आलेला वाद. पेगन म्हणजे प्राचीन भूमध्य प्रदेशातील व युरोपातील बहुदेवतापूजक पंथ. तारीख कुठून आली आणि चालीरीती कुठून आल्या हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. ते एकत्र केल्यानेच या वादातला बराचसा गोंधळ झाला आहे.

येशूचा जन्मदिवस नव्या करारात दिलेला नाही, आणि पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांना त्याची निकड वाटलेलीही दिसत नाही. इ. स. २०० च्या सुमारास ख्रिस्ती लेखक अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट याविषयीची निरनिराळी मते नोंदवतो. त्यांत एप्रिल-मे महिन्यांतले दिवस आहेत, २५ डिसेंबर नाही. प्रारंभीचा ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन याच्या मते वाढदिवस साजरा करणे हे फारो आणि हेरोद यांच्यासारख्या पापी माणसांचे काम. इ. स. २४३ मधील ईस्टरच्या गणिताविषयीची एक लॅटिन पुस्तिका येशूचा जन्म २८ मार्चला ठरवते, कारण तिच्या हिशेबाने सृष्टीच्या चौथ्या दिवशी, म्हणजे त्याच तारखेला, सूर्य निर्माण झाला.

२५ डिसेंबरचा पहिला निःसंदिग्ध पुरावा रोममधील ‘३५४ ची कालनोंद’ या संग्रहात सापडतो. फिलोकॅलस नावाच्या सुलेखनकाराने एका धनिक ख्रिस्ती रोमनासाठी तो तयार केला. त्यातील हुतात्म्यांच्या यादीची सुरुवातच २५ डिसेंबरला बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला, या नोंदीने होते. सोबतची बिशपांची यादी पुण्यतिथींच्या क्रमाने डिसेंबरच्या अखेरीपासून सुरू होते. सिल्व्हेस्टर (मृत्यू ३१ डिसेंबर ३३५) तिच्यात जागच्या जागी आहे. त्यानंतरचे मार्कस आणि ज्युलियस मात्र क्रम मोडून शेवटी जोडलेले आहेत. यावरून मूळ याद्या ३३६ मध्ये तयार झाल्या आणि तेव्हा रोममध्ये हा सण पाळला जात होता, असे अनुमान निघते. याच संग्रहातील नागरी दिनदर्शिकेत २५ डिसेंबरसमोर ‘अजिंक्याचा जन्मदिन’ असे लिहून रथांच्या तीस शर्यती नोंदवल्या आहेत. हा अजिंक्य म्हणजे सोल इन्व्हिक्टस, अजिंक्य सूर्य, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तारीख सूर्योत्सवातून आली आणि ती गणितातून आली, असे म्हणणाऱ्या दोन्ही पक्षांचा मुख्य साक्षीदार असा एकच आहे, आणि तो कोणाच्याच बाजूने पुरेसे बोलत नाही.

सूर्योत्सवाचा पक्ष जर्मन पंडित हेर्मान उसेनर यांच्या १८८९ मधील नाताळविषयक ग्रंथामुळे प्रतिष्ठा पावला. या पक्षाचे म्हणणे असे: सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये रोममध्ये सूर्याचे भव्य मंदिर उभारले, रोमन परंपरेत २५ डिसेंबर हा हिवाळी अयनदिन, म्हणजे दिवस पुन्हा मोठा होऊ लागण्याचा काळ होता; त्या लोकप्रिय सूर्योत्सवाला पर्याय म्हणून चर्चने त्याच दिवशी ‘धर्माच्या सूर्या’चा, म्हणजे ख्रिस्ताचा, जन्म ठेवला. बाराव्या शतकातील सिरियन बिशप डायोनिसियस बार सलिबी यांच्या ग्रंथावरील एका अनामिक समासटीपेत नेमके हेच स्पष्टीकरण येते. टीप मोठ्या हौसेने उद्धृत केली जाते, पण ती घटनेनंतर आठ शतकांनी लिहिलेली आहे.

अभ्यासक स्टीव्हन हायमन्स यांनी या मतावर घेतलेले आक्षेप वजनदार आहेत. ऑरेलियनने २५ डिसेंबर हा दिवस निवडल्याचे कोणताही समकालीन स्रोत सांगत नाही. फिलोकॅलसच्या दिनदर्शिकेत सूर्याचा मोठा सोहळा ऑक्टोबरमध्ये आहे, छत्तीस शर्यतींचा. ‘अजिंक्याचा जन्मदिन’ हा उल्लेख ३५४ पूर्वी कुठेच मिळत नाही. तेव्हा ख्रिस्ती सणानेच पेगन पक्षाला ती तारीख सुचवली असण्याची शक्यता उरते. मिथ्र देवाचा जन्म २५ डिसेंबरचा, हे वारंवार ऐकू येणारे विधान तर त्या पंथाच्या अवशेषांत आधाराविनाच आहे. सॅटर्नेलिया हा रोमन उत्सव १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ च्या सुमारास संपे. तो नाताळचा शेजारी होता, एवढेच म्हणता येते.

दुसरा पक्ष गणिताचा. लुई द्युशेन या फ्रेंच धर्मगुरू-इतिहासकारांनी तो मांडला, तोही १८८९ मध्येच. पुढे अभ्यासक टॉमस टॅली यांनी १९८६ मध्ये तो विस्ताराने मांडला. प्रारंभीचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन याच्या लेखनात ख्रिस्ताच्या क्रूसावरील मृत्यूची तारीख २५ मार्च अशी येते. थोर पुरुषाचे आयुष्य पूर्ण वर्षांचे असते, अशा समजुतीने गर्भधारणाही त्याच तारखेला मानली गेली. त्यावर नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरणारी परंपरा होती, आणि तिकडे जन्मोत्सव ६ जानेवारीला होई. आर्मेनियन चर्च आजही तो त्याच दिवशी साजरा करते. हा मेळ योगायोग म्हणून सोडून देणे कठीण आहे. तरीही उणीव राहतेच. हा हिशेब सलग मांडणारे लेखन, उदाहरणार्थ ऑगस्टीनचे, तारीख रूढ झाल्यानंतरचे आहे. आधी तारीख आणि मग समर्थन, असेही घडलेले असू शकते.

प्रस्तुत नोंदकाराला गणिताची बाजू थोडी अधिक सबळ वाटते, पण ती निवडल्याने सूर्य वादातून बाहेर जात नाही. २५ मार्च व २५ डिसेंबर हे रोमन गणनेतील वसंतसंपात आणि अयनदिनच होते. व्हॅटिकनखालील दफनभूमीत रथारूढ सूर्याच्या रूपातील एक मोझेक चित्र आहे, ते सामान्यतः ख्रिस्ताचेच मानले जाते. पाचव्या शतकात पोप लिओ पहिला तक्रार करतो की, सेंट पीटरच्या पायऱ्या चढून आलेले ख्रिस्ती लोक आत जाण्यापूर्वी मागे वळून सूर्याला नमस्कार करतात.

पेगन उगमाचा आरोप प्रथम हिरिरीने केला तो धर्मविरोधकांनी नव्हे, कडव्या प्रॉटेस्टंटांनी. इंग्लंडच्या प्युरिटन पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ रद्द केला. मॅसॅच्युसेट्सने १६५९ मध्ये तो पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला. तो कायदा १६८१ मध्ये मागे घेतला गेला. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश पाद्री अलेक्झांडर हिस्लॉप यांनी रोमन चर्चचे जवळजवळ सर्वच आचार बॅबिलोनला नेऊन भिडवले. ईस्टर आणि इश्तार देवी यांचा संबंध जोडणारी आजची लोकप्रिय चर्चा त्यांचीच वारस आहे. दोन नावे कानाला सारखी लागतात, यापलीकडे त्या संबंधाला आधार नाही. इंग्लिश भिक्षू बीड याने ७२५ मध्ये एओस्त्रे या अँग्लो-सॅक्सन देवतेचा उल्लेख केला आहे, पण तो महिन्याच्या नावापुरता. सण स्वतः ज्यूंच्या वल्हांडणाशी बांधलेला आहे. सर्व संतांचा दिवस साउइन या केल्टिक सणावरून १ नोव्हेंबरला आला, या मतालाही अडचण आहे: प्रारंभीच्या आयरिश नोंदींत संतांचा तो दिवस २० एप्रिलचा आहे.

चालीरीतींचा इतिहास निराळा. पोप ग्रेगरी पहिला याने ६०१ मध्ये इंग्लंडमधील मिशनसाठी पाठवलेल्या पत्रात देवळे पाडू नयेत, मूर्ती काढून ती शुद्ध करावीत आणि बळीच्या जागी मेजवानी होऊ द्यावी, असे कळवले. सामावून घेण्याचे धोरण येथे लेखी सापडते, मात्र नाताळची तारीख ठरून तेव्हा अडीच शतके उलटली होती. उलट प्रवाहही दिसतो. दहाव्या शतकात नॉर्वेचा राजा हाकोन याने पेगन युल उत्सव नाताळच्या वेळी पाळण्याचा कायदा केला, असे सागा सांगतात. म्हणजे तेथे पेगन सणच चर्चच्या तारखेवर सरकला. नाताळवृक्ष मात्र प्राचीन नाही. त्याच्या सुरुवातीच्या नोंदी सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या अल्सेसमधल्या आहेत.

स्नानकर्ता योहानाचा २४ जूनचा सण नाताळच्या तारखेवरूनच मोजला गेला: ल्यूकच्या शुभवर्तमानानुसार तो येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. युरोपात त्या रात्री होळ्या पेटतात. गोव्यात याच सणाला, म्हणजे सांजावाला, पाऊस सुरू झालेला असतो. तेथे लोक डोक्यावर फुला-पानांचे कोपेल घालून भरलेल्या विहिरींत उड्या मारतात.