उसाच्या ट्रॉलीचा उसना उजेड

१९३२ साली सोलापूर जिल्ह्यातल्या माळीनगरला सासवड माळी शुगर फॅक्टरी उभी राहिली. त्या काळी ऊस वाहणाऱ्या बैलगाडीला कंदील असलाच, तर तो तिचा स्वतःचा असे. ट्रॅक्टर आला आणि ट्रॉलीचा उजेड त्याच्याकडून उसना घेतलेला झाला. सोलापूरच्या रस्त्यांवर विझलेल्या टेललाइटचा दोष सर्रास चालकाला दिला जातो. मला तो आधी जोडणीचा वाटतो. अर्थिंगची वेगळी वायर नसेल, तर बारा व्होल्टचा प्रवाह हुकाच्या लोखंडातून परततो. तिथे गंज चढला, माती साचली की ब्रेक दाबताच इंडिकेटरही मिणमिणतो, आणि लोक मात्र बल्ब बदलत बसतात! रिफ्लेक्टर पुरेत, असे कोणी म्हणेल. ते हवेतच, पण चिखलाने माखतात, आणि ट्रॉली थांबतेय हे मागच्याला कळवत नाहीत. मागे जोडलेल्या दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत तर वायर पहिलीतूनच जाते, म्हणजे सैल होणारा प्लग आणखी एक.