हाली सिक्का

हाली सिक्का : निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे स्वतंत्र चलन. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा, कोरपना व जिवती हे तालुके पूर्वी या संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते; त्यामुळे तेथे हाली रुपया चाले. वर्धा नदीपलीकडे बल्लारपूर-चांदा भागात ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया होता. त्याला लोक ‘कलदार’ म्हणत. सिरोंचा भाग १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे गेल्यावर तेथे प्राणहिता व गोदावरी या नद्याच दोन राज्यांच्या सीमा झाल्या.

स्वरूप : रुपयाचे सोळा आणे व आण्याच्या बारा पै ही विभागणी दोन्हीकडे सारखी होती, फरक होता तो चांदीत. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या चारमिनार छापाच्या हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम असून त्यात ८१.८ टक्के चांदी असे. कलदार ११.६६ ग्रॅमचा व ९१.७ टक्के चांदीचा होता. सात हाली म्हणजे सहा कलदार हा रूढ दर या चांदीशी जवळजवळ जुळतो. या दराने शंभर कलदारांना ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै पडत. संस्थानाने १९१८ पासून नोटाही काढल्या.

विलीनीकरण : संस्थान भारतात आणणाऱ्या सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हे चलन एकदम बाद केले गेले नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया त्याच्या जोडीने सुरू झाला व ७:६ हाच दर कायम राहिला. १९५१ मध्ये हाली चलन काढणे थांबले, १९५९ मध्ये ते रद्द झाले. मधल्या काळात आदिलाबादमधून नांदेडमध्ये गेलेला राजुरा तालुका त्याच वर्षी चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्ह्यात आला. दरम्यान १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत आल्याने आणे-पैचा हिशेबही मागे पडला.

तुलना : जुने चलन एकदम न तोडता काढून घेण्याचे असेच उदाहरण अमेरिकेत दिसते; तेथे स्पॅनिश डॉलरसारखी परकी नाणी १८५७ च्या कायद्याने वैध चलनातून वगळण्यात आली, किरकोळ स्पॅनिश नाणी मात्र सरकार ठरावीक दराने स्वीकारत राहिले.

महत्त्व : नकाशावरची सीमा एका हुकुमाने पुसता येते, लोकांच्या गाठीची पुंजी तशी बदलता येत नाही. जाहीर, स्थिर दर आणि पुरेशी मुदत या दोन गोष्टींमुळे हाली बाळगणाऱ्या सामान्य माणसाला आपला पैसा नव्या चलनात आणण्याची न्याय्य वाट मिळाली. या स्थित्यंतराचे खरे मोल त्यातच आहे.