भरतीचे गणित

कोकणच्या किनाऱ्यावरील कोळ्याला भरतीची वेळ विचारा. तो घड्याळाकडे न पाहता तिथीकडे पाहील. भरती रोज सुमारे दोन घटका उशिरा येते, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते आणि अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. होडी लोटण्यास ते पुरेसे होते. परंतु मोठी जहाजे बंदरात आणावयाची, तर पाणी केव्हा चढेल एवढेच नव्हे, तर नेमके किती चढेल हेही आधी कळावे लागते. या 'किती'चा शोध माणसाने कसा घेतला, ती हकिकत आज आपण पाहू.

भरतीचे कारण चंद्रसूर्यांचे आकर्षण होय, हे न्यूटनने 1687 साली सांगितले. पण कारण कळले म्हणून मुंबईच्या धक्क्यावरील उद्याचे पाणी सांगता येत नाही. किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली प्रत्येक ठिकाणी निराळी. यातून व्यवहाराची वाट काढली ती विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी 1867 च्या सुमारास. त्यांची युक्ती अशी : भरतीला एक लाट न मानता अनेक साध्या लाटांची बेरीज मानावे.

साधी लाट म्हणजे शाळेत शिकलेले कोज्येचे फलन. समजा, एखाद्या बंदरात पाण्याची सरासरी उंची अडीच मीटर आहे, चढउतार दीड मीटरचा आहे आणि दुपारी बारा वाजता पूर्ण भरती आहे. चंद्राच्या भरतीचा फेरा 12 तास 25 मिनिटांचा असतो. बारा वाजता कोज्येची किंमत एक, म्हणून पाणी चार मीटर. सुमारे तीन तास सहा मिनिटांनी ती शून्य होते; पाणी अडीच मीटरवर येते. आणखी तितक्याच वेळाने ती उणे एक होते आणि पाणी एका मीटरवर उतरते. सूर्याची लाट मात्र बरोबर 12 तासांची. या दोन लाटा एकमेकींच्या पावलावर पाऊल टाकतात तेव्हा उधाण. एक चढताना दुसरी उतरते तेव्हा भांग. कोळ्याची तिथी आणि गणिताची कोज्या येथे एकच गोष्ट सांगतात.

पण लाटा दोनच नाहीत. चंद्र कधी जवळ येतो, कधी दूर जातो. कधी उत्तरेस, कधी दक्षिणेस सरकतो. त्या प्रत्येक चालीची लाट वेगळी. त्यांचे फेरे आकाशावरून ठरतात; त्यांची उंची आणि वेळ मात्र त्या त्या बंदरातील पाण्याची नोंद ठेवूनच काढावी लागते. हाताने ही बेरीज करता करता माणूस थकून जाई. म्हणून थॉमसन यांनी 1872-73 मध्ये एक यंत्र करविले. त्यात प्रत्येक लाटेला एक चाक आणि एक कप्पी. सर्व कप्प्यांवरून गेलेली एकच दोरी लेखणी हलवी आणि कागदावर येणाऱ्या दिवसांच्या भरत्या उमटत. 1879 साली एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या रचनेप्रमाणे असेच यंत्र खास हिंदुस्थानातील बंदरांसाठी इंग्लंडमध्ये तयार झाले. मुंबईच्या अपोलो बंदरावरील पाण्याची नोंद 1878 पासूनची आहे.

या बेरजेवर माणसांचे प्राण कसे अवलंबून असतात, हे दुसऱ्या महायुद्धाने दाखविले. 20 नोव्हेंबर 1943 रोजी अमेरिकन सैन्य पॅसिफिकमधील तरावा बेटावर उतरू लागले. दिवस भांगाचे. त्या बेटांवर राहिलेल्या एका अधिकाऱ्याने पाणी कमी पडेल असा इशारा दिला होता. पण होड्या प्रवाळाच्या खडकांवर अडकल्या आणि शेकडो वार पाणी तुडवीत सैनिकांना गोळ्यांच्या वर्षावात जावे लागले. तीन दिवसांत सुमारे एक हजार अमेरिकन प्राणास मुकले.

याच्या उलट नॉर्मंडी. तेथे लिव्हरपूलच्या आर्थर डूडसन यांच्याकडे एका किनाऱ्याच्या लाटांचे आकडे आले. जागेचे नाव दिलेले नव्हते, फक्त 'पोझिशन झेड' ही खूण. हेच डूडसन पहिल्या महायुद्धात सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र धरण्यास नकार देणारे गृहस्थ! त्यांच्या यंत्रांनी दिलेल्या वेळा पाहून 6 जून 1944 रोजी सैन्य ओहोटीनंतर, पाणी चढू लागताच उतरविले गेले. त्यामुळे जर्मनांनी वाळूत रोवलेले अडथळे उघडे दिसले. पाच किनाऱ्यांवर उतरण्याच्या वेळाही एकच ठेवल्या नव्हत्या.

आता ती यंत्रे संग्रहालयात गेली आणि बेरीज संगणक करतो. पद्धत मात्र तीच. तिची मर्यादाही ध्यानी ठेवली पाहिजे. ती चंद्रसूर्यांचा हिशेब करते, वाऱ्याचा व पावसाचा नव्हे. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत 4.48 मीटरची भरती येणार, हे कोष्टकात आधीच छापलेले होते. सांताक्रुझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडेल, हे कोणत्याही कोष्टकात नव्हते. भरतीने गटारांची तोंडे दाबली आणि शहर बुडाले. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, ज्या संकटाची अर्धी तारीख वर्षभर आधी कळते, त्याच्या तयारीला उरलेल्या अर्ध्यासाठी थांबू नये. पावसाळ्यातील उधाणाचे दिवस पंचांगाप्रमाणे प्रत्येक घरात आणि प्रत्येक नगरपालिकेत माहीत असले पाहिजेत.