पांढरं रॉकेल, पांढरी काच, पांढरी बत्ती

पारदर्शकता हा रंग आहे का, असं शाळेत विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: नाही. ज्यातून आरपार दिसतं ते बिनरंगी. पण नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातल्या मोवाड, जलालखेडा, सावरगाव यांसारख्या गावांतल्या रेशन दुकानदाराला हे उत्तर देऊन भागलं नसतं. शिधापत्रिकेवर मिळणारं रॉकेल निळं असे. ते मुळात निळं नसतं; पाण्यासारखं नितळ असतं. सवलतीचं तेल खुल्या बाजारात जाऊ नये, डिझेलमध्ये मिसळलं तर पकडता यावं, म्हणून त्यात मुद्दाम निळा रंग घातला जाई. १९९३ साली सरकारने खासगी व्यापाऱ्यांना सवलतीविना रॉकेल विकायची मुभा दिली. ते तेल रंगवलेलं नव्हतं. लोक त्याला पांढरं रॉकेल म्हणू लागले. निळं म्हणजे सरकारी भावाचं, पांढरं म्हणजे पुऱ्या दामाचं. काळाबाजार करणारे निळं तेल माती-कोळशातून गाळून त्याचा रंग काढत आणि ते पांढरं म्हणून खपवत. रंग उतरवणं हाच इथे गुन्हा होता, आणि गाळून निघालेल्या तेलाला दुसऱ्या रंगाचा भाव मिळत होता. ज्या व्यवहारात बिनरंगी असण्याला वेगळा दर, वेगळा परवाना आणि वेगळी शिक्षा आहे, तिथे तो रंग नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

याचा अर्थ आरपार दिसणारी प्रत्येक गोष्ट रंगांत मोजायची, असा नव्हे. याच तालुक्याचं अर्थकारण ज्या फळावर चालतं त्या संत्र्याचं पाहा. संत्र्याची प्रतवारी करताना सालीचा रंग बघतात. आंबिया बहाराचं फळ आतून गोड झालं तरी साल हिरवट राहते म्हणून भावात मार खातं. पॅकिंग केंद्रात त्याच फळावर पारदर्शक मेणाचा थर चढवतात. फळ चकाकतं, लवकर सुकत नाही. पण त्या थराला कोणी रंग म्हणत नाही, आणि म्हणायचं कारणही नाही. लाल मेण की नितळ मेण, अशी निवड तिथे कोणी करत नाही. रॉकेलमध्ये निवड होती. पर्यायांच्या रांगेत निळ्यासमोर जे उभं राहतं आणि ज्यावरून पुढचा निर्णय होतो, ते त्या धंद्यापुरतं रंग ठरतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्याला काचेच्या इतिहासात सगळ्यात भक्कम पुरावा मिळतो.

नितळ काच निसर्गातून आयती मिळत नाही. वाळूत लोहाचा अंश असतोच, आणि तो काचेला हिरवट छटा देतो. जुन्या बाटल्या हिरव्या दिसतात त्या हौसेने रंगवलेल्या नसत. वाळू होती तशी वापरली की काच तशीच होते. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने सर्वांत मोलाची म्हणून जी काच नोंदवली ती स्फटिकासारखी शुभ्र आणि पारदर्शक, आणि पंधराव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या कारागिरांनी तशीच काच करून युरोपची बाजारपेठ जिंकली. युक्ती कोणती? वितळत्या काचेत मँगनीजचं भस्म थोडं टाकायचं. मँगनीज लोहाची हिरवट-निळी छटा पिवळटाकडे नेतं आणि स्वतःची जांभळी छटा तिच्यावर चढवतं. पिवळट आणि जांभळा एकमेकांना मारतात आणि डोळ्याला काहीच दिसत नाही. इंग्रज कारागीर त्याला काचवाल्यांचा साबण म्हणत, पण हे धुणं नव्हे. रंग काढला जात नाही, दुसरा रंग घालून पहिला दाबला जातो. म्हणूनच अशी काच किंचित कमी उजेड सोडते, आणि वर्षानुवर्षं उन्हात पडलेल्या जुन्या बाटल्या हळूहळू जांभळ्या होतात.

हे मँगनीज नरखेडला परकं नाही. तालुक्याची बहुतेक जमीन काळ्या बेसाल्टची, पण पूर्वेला सावनेर तालुक्यात गुमगाव, त्यापलीकडे रामटेक परिसरात मनसर, कांद्री अशा खाणी आहेत. ज्या खडकांत हे खनिज सापडतं त्या समूहाला भूशास्त्रज्ञांनी नाव दिलं तेच मुळी सीमेपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या सौंसरचं. १९००च्या आसपास नागपूर जिल्ह्यात मँगनीजचं खाणकाम सुरू झालं आणि १९०९ साली भूशास्त्रज्ञ फर्मॉरने भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला. इथलं बहुतेक खनिज पोलादासाठी परदेशी गेलं, हे मान्य. पण त्याच वर्षांत महाराष्ट्रातही काच उभी राहत होती: लोकांकडून पैसा-पैसा जमवून तळेगाव दाभाड्याला १९०८ साली पैसा फंडाचा कारखाना निघाला, आणि कऱ्हाडजवळ १९१६ साली ओगल्यांनी काच कारखाना काढला, ज्याचा प्रभाकर कंदील पुढे घरोघर पोचला. कंदिलाची काच हिरवट निघाली तर उजेडच हिरवट पडणार. तेव्हा नितळपणा हा तिथे मालाचा गुण होता. तो आणावा लागे, सांभाळावा लागे आणि त्याचे पैसे मिळत.

भौतिकशास्त्र यावर हसेल. रंग म्हणजे पदार्थ प्रकाशातल्या कोणत्या लहरी शोषतो आणि कोणत्या सोडतो याचा हिशेब. आरपार दिसणं ही वेगळीच बाब. माणिक लाल आणि पारदर्शकही असतं, म्हणजे या दोन गोष्टी एका रांगेत बसतच नाहीत. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो अर्धा मान्य करतो. माणकात नितळपणा आणि लाली वेगळ्या मोजाव्या लागतात. पण काचेच्या गोदामात 'हिरवी, तपकिरी, पांढरी' अशी प्रतवारी होते तेव्हा तिन्ही आरपारच असतात. तिसरीचा रंग विचारला तर 'रंग नाही' हेच तिचं उत्तर, आणि तेवढ्याने ती वेगळी काढता येते. शून्य ही संख्या आहे की नाही यावरही कधीकाळी असाच वाद घालता आला असता.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हा पेच फार पूर्वी आपल्या रीतीने सोडवला. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रूपाचे, म्हणजे रंगाचे, सात प्रकार मोजले आहेत आणि पारदर्शक हा त्यांत नाही. पण पाण्याला रूपहीन ठरवायलाही ते तयार नव्हते, कारण मग ते डोळ्याला दिसतंच कसं? म्हणून पाण्याचं रूप शुक्ल, म्हणजे पांढरं, मात्र न चमकणारं शुक्ल, असा निवाडा झाला. यमुनेचं पाणी निळं दिसतं त्याचं काय, हा आक्षेप सिद्धान्तमुक्तावलीकार विश्वनाथाने घेतला आहे, आणि उत्तर दिलं ते प्रयोगाचं: ती निळाई आधाराची आहे, पाणी वर उडवून पाहा, पांढरं दिसेल. आजच्या विज्ञानाने पाहिलं तर हे उत्तर चुकतं: उडालेले थेंब प्रकाश विखुरतात म्हणून पांढरे दिसतात, आणि खोल पाणी स्वतःच किंचित निळं असतं. तरी त्यांच्या पद्धतीला मी दाद देतो. आरपार दिसणाऱ्या वस्तूला यादीबाहेर न ठेवता त्यांनी तिला यादीतच जागा शोधली.

सगळ्यात कठीण आक्षेप रेल्वेकडून येतो. इंग्लंडमध्ये सुरुवातीच्या सिग्नलांत लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे जपून आणि पांढरा उजेड म्हणजे मार्ग मोकळा. पांढरा म्हणजे दिव्यापुढे रंगीत काच नसणं. नितळपणाला इतकं मोठं पद दुसऱ्या कुठल्या धंद्याने दिलं असेल असं वाटत नाही. पण लाल काच फुटली की धोक्याचा दिवाही पांढरा दिसे, म्हणजे मोडलेला सिग्नल गाडीला या म्हणे. गावातला कुठलाही दिवा सिग्नल भासू शके. १८७६ साली ॲबट्स रिप्टनला बर्फाने सिग्नलचे हात मोकळ्या मार्गाच्या खुणेवरच, म्हणजे पांढऱ्या उजेडावरच, अडकले आणि मोठा अपघात झाला. त्या शतकाच्या अखेरीस मार्ग मोकळा असल्याची खूण हिरव्याकडे गेली. १९२०च्या दशकात नागपूर–इटारसी मार्ग पुरा होऊन नरखेडवरून गाड्या धावू लागल्या तोवर हा निकाल लागला होता.

तर रेल्वेने पांढरा हा रंग नाही असं ठरवलं, असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. तो रंग नसता तर ड्रायव्हरांनी कित्येक वर्षं त्यावर गाड्या हाकल्याच नसत्या. त्याच्यातला दोष वेगळा आहे: मुद्दाम दाखवलेला नितळ उजेड आणि काहीतरी फुटल्याने पडलेला उजेड यांत फरक कळत नाही. रॉकेलचंही तेच झालं. पांढरं तेल मुळातच पांढरं आहे की निळं गाळून केलेलं, हे डोळ्याला कळेना, म्हणून २००६ साली सरकारला रॉकेलमध्ये न दिसणारं मार्कर मिसळायची वेळ आली. लाल आणि निळा स्वतःची साक्ष देतात. नितळाला साक्षीदार बाहेरून आणावा लागतो. तो आणता येतो तिथे पारदर्शकता रंग म्हणून चालते, नाही तिथे धोका होतो.

रेल्वेने पांढऱ्या उजेडाला नोकरीवरून काढलंही नाही. गार्डच्या तिरंगी हातबत्तीत लाल, हिरवा आणि पांढरा असे तीनच उजेड असतात, आणि भारतीय रेल्वेच्या सामान्य नियमांनुसार लाल दिवा हाताशी नसेल तर पांढरा दिवा आडवा, जोराने हलवला की त्याचा अर्थ एकच: गाडी थांबवा.