फाटक्याचा अभ्यास

मांडव्याच्या जेट्टीवर उतरणाऱ्या बहुतेकांना अलिबागची बस गाठायची घाई असते. सिनेमाच्या शौकिनांना हे नाव 'अग्निपथ'मुळे ठाऊक आणि मुंबईतल्या पैसेवाल्यांना शनिवार-रविवारच्या बंगल्यांमुळे. मला मांडवा हवा आहे तो पावसाळ्यातला. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. गेटवेच्या लाँचही पावसात थांबतात. मग मांडव्यापासून रेवस-बोडणीपर्यंत होड्या वर ओढलेल्या दिसतात आणि घराघरांत जाळ्यांची दुरुस्ती निघते. फाटलेले सांधण्याच्या आणि जुन्यातून नवे घडवण्याच्या विद्येत पहिले पाऊल टाकणाऱ्या वाचकाला मी गोधडीच्या आधी या जाळ्यांपाशी नेतो. वस्त्रविद्येच्या पुस्तकांत जाळ्याला सहसा जागा नसते. ती द्यायला हवी, हे माझे मत इथेच नोंदवून ठेवतो.

जाळे सांधणारा माणूस आधी भोक मोठे करतो. नवख्याला हे विचित्र वाटते. पण अखंड जाळ्यात प्रत्येक गाठीतून चार धागे निघतात. फाटल्यावर कुठे तीन उरतात, कुठे दोन, कुठे एकच. कडा अशा छाटायच्या, की वरची एक आणि खालची एक गाठ तीन धाग्यांची राहील आणि मधल्या सगळ्या दोन धाग्यांच्या. मग वरच्या गाठीपासून निघायचे, ओळीमागून ओळ विणत खालच्या गाठीवर थांबायचे. मधे दोरा कुठेच तोडावा लागत नाही. शिवाय इथल्या पिशवीसारख्या डोल जाळ्याचा आस, म्हणजे विणीतले घर, तोंडाशी मोठा असतो आणि शेपटाकडे बारीक होत जातो, त्यामुळे कुठलाही तुकडा कुठेही लावून चालत नाही. भरती-ओहोटीचा सगळा जोर जाळ्यावर येतो. चुकलेली गाठ पहिल्याच ओढीत कळते. ही भूमितीच आहे, फक्त ती फळ्यावर मांडली जात नाही.

या कामाला किंमत आहे हे सरकारलाही मान्य आहे. जाळ्यात समुद्री कासवासारखा संरक्षित जीव अडकला आणि त्याला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ मध्ये सुरू केली. जिथे जाळे सांधले जाते त्याच घरात आत कुठेतरी गोधडी शिवली जात असते. तिच्या टाक्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. जाळे बहुधा पुरुष सांधतात, गोधडी बायका शिवतात, एवढ्यावरून एक 'धंदा' ठरतो आणि दुसरी 'फावल्या वेळातले काम'. या विषयाच्या अभ्यासाने हा भेद आधी उसवला पाहिजे.

गोधडीतही तितकेच शहाणपण आहे. नऊवारी लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्याच्या जागी ते आधी विरते. काठ दाट विणीचे असल्याने शेवटपर्यंत टिकतात. म्हणून विरलेला भाग आतल्या थरात जातो, धड भाग वर येतो आणि काठ कडेला लागतात. मग कडेपासून आत धावदोरा. कापड कुठे दमले आहे हे शिवणारी बोटांनीच वाचते. बाळाला पहिली दुपटी जुन्या सुती लुगड्याची करतात, कारण शंभरदा धुतलेल्या सुतासारखे मऊ कोरे कापड मिळत नाही. इथे काटकसर आणि उत्तम पारख यांत फरक करणे कठीण आहे.

जे घरात मुरत नाही ते बोहारणीकडे जाते. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई म्हणजे एका मोठ्या व्यापाराचे दार. ल्यूसी नॉरिस यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात दिल्लीतल्या अशा व्यापाराचा माग काढला आहे. मराठी मुलखात तसे सविस्तर काम व्हायला पुष्कळ वाव आहे.

शेजारी डोकावायचे तर उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळियाळ-येल्लापूरकडे जावे. तिथल्या सिद्दी बायकांच्या ठिगळांच्या गोधड्यांना कवंदी म्हणतात. हेन्री ड्रूअल या अमेरिकी अभ्यासकाने त्या जगापुढे मांडल्या. जंजिऱ्याचे नबाबही सिद्दीच, पण तेवढ्यावरून रायगडच्या गोधडीचे मूळ तिकडे शोधू नये. त्याहून दूर, उत्तर जपानात थंडीमुळे कापूस पिकत नसे, म्हणून चिंधीवर चिंधी चढवून 'बोरो' नावाचे ठिगळकाम झाले. आपल्याकडे गोष्ट उलटी: १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत गिरणी काढली, पुढे गिरण्यांचे सुती कापड खाडीपल्याड मुबलक पोचले, तरी ठिगळ लावणे थांबले नाही. तेव्हा दुरुस्ती फक्त टंचाईतून येते हे पुस्तकी उत्तर अपुरे आहे. चिंध्यांना प्रतिष्ठाही होती. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, आणि त्या नावात हेटाळणीपेक्षा माया जास्त होती.

विषय अवघड होतो तो नायलॉन आणि पॉलिएस्टर आल्यावर. सणाची, सुताची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकवावी लागत आणि टाकली तर कुजून जात. नायलॉन कुजत नाही. समुद्रात हरवलेले जाळे मासे मारतच राहते. तुटके जाळे परसातल्या भाजीला कुंपण म्हणून, कोंबड्यांच्या खुराड्याला किंवा सुकत्या मासळीवर झाकण म्हणून वापरतात, पण मागे उरणारा ढीग त्याहून मोठा असतो. पॉलिएस्टरच्या साडीची गोधडी टिकते खरी, मात्र घाम शोषत नाही आणि अंगावरून घसरते. जुन्याचा पुनर्वापर नेहमीच पुण्याचा, असे मानणाऱ्यांनी अशी एक गोधडी वैशाखात अंगावर घेऊन पाहावी.

हल्ली बंगल्यांच्या भिंतींवर गोधड्या टांगलेल्या दिसतात. त्याला माझा विरोध नाही. विकत घेणाऱ्यामुळे शिवणारीच्या हाती चार पैसे पडतात. फक्त तिचे नाव कुठेच नसते.

म्हणून नव्या अभ्यासकाला एकच विनंती. जुनी गोधडी हाती आली तर आधी उलटी करून पाहा, कडेला थर मोजा, कोणता थर कोणाच्या लुगड्याचा हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि शिवणारीचे नाव, गाव, साल लिहून ठेवा. हे काम त्या बायका आहेत तोवरच होण्यासारखे आहे.