बेडकी हिरवी शाई

बायझंटाइन सम्राट लाल शाईत सही करायचा. ती शाई वापरायचा मान फक्त त्याचा. सप्टेंबर ११८० मध्ये सम्राट मॅन्युएल कॉम्नेनोस वारला आणि त्याचा अकरा वर्षांचा मुलगा, दुसरा अलेक्सिओस, कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर बसला. त्याच्या तीन वर्षांच्या कारकिर्दीबद्दल वाचताना मला ही शाईच पुन्हापुन्हा दिसत राहते.

कारभार आई मारियाकडे होता. ती अँटिओकची, म्हणजे शहराच्या लेखी परकी 'लॅटिन'. तिच्या जोडीला मॅन्युएलचा पुतण्या. त्याचंही नाव अलेक्सिओसच. या पुतण्याने हुकूम काढला, की मुलाची सही असली तरी आपला बेडकी हिरव्या शाईतला शेरा असल्याशिवाय कागद चालणार नाही. हे लिहून ठेवणारा इतिहासकार निकेतास खोनिआतेस मुलावरही नाराज आहे, कारण तो शिकारीत आणि रथांच्या शर्यतींत रमलेला असे. अकरा वर्षांच्या पोराने दुसरं काय करायचं, हा प्रश्न मला पडतो.

११८२ मध्ये मॅन्युएलचा साठी उलटलेला चुलतभाऊ अँड्रोनिकोस 'मुलाचा रक्षक' म्हणून आला. जमावाने शहरातल्या लॅटिन लोकांची कत्तल केली. हिरव्या शाईवाल्याचे डोळे काढले गेले. अँड्रोनिकोसने मुलाला वाजतगाजत राज्याभिषेक करवला. पुढे मारियावर देशद्रोहाचा आळ आला आणि तिच्या मृत्युदंडाचा कागद मुलापुढे ठेवला गेला. त्याने सही केली. ती लाल शाई निकेतासला आईच्या रक्तासारखी भासली.

'दुबळा बालसम्राट' म्हणून इतिहास त्याला दोन ओळींत उरकतो. मला तसं वाटत नाही. आईला मारायलासुद्धा त्याची सही लागली. म्हणजे सगळ्यांचं त्याच्यावाचून अडत होतं. तोवर तो जिवंत राहिला. सप्टेंबर ११८३ मध्ये अँड्रोनिकोस सहसम्राट झाला. आता लाल शाईत सही करणारा दुसरा हात होता. थोड्याच दिवसांत धनुष्याच्या दोरीने मुलाचा गळा आवळून प्रेत समुद्रात टाकलं गेलं. त्याची बायको, फ्रान्सची राजकन्या ॲग्नेस, जेमतेम बारा वर्षांची होती. तिच्याशी अँड्रोनिकोसने लग्न लावलं.

दोन वर्षांनी, ११८५ मध्ये, त्याच शहराच्या जमावाने अँड्रोनिकोसला हाल हाल करून मारलं. मुलाला त्याचा काय उपयोग?